जुन्या गाडीचा कन्व्हर्टर : कायदा आहे, तपासणारा कोण?

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील आपल्या जुन्या घराण्यांची एक सवय सर्वांना ठाऊक आहे. वस्तू एकदा घेतली की ती जपून वापरायची, मोडीत काढायची घाई करायची नाही. म्हणूनच आपल्या वाड्यांवर पंधरा-वीस वर्षांच्या मारुती ८००, ओम्नी, सँट्रो चालत्या स्थितीत दिसतात. ह्या काटकसरीचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु ह्याच गाड्यांच्या पोटाखालचा एक भाग गॅरेजमध्ये सहज काढून टाकला जातो आणि मालकाला त्याचे काहीच वाटत नाही. तो भाग म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. हा विषय मेकॅनिकचा आहे, समाजाच्या पत्रिकेत त्याचे काय काम, असे कुणी म्हणेल. आमचे मत वेगळे आहे. नियम कुणासाठी लिहिला, दंड कुणाला बसतो आणि फायदा कुणाच्या खिशात जातो, हे प्रश्न जेथे येतात तेथे राजकारण आलेच.

प्रथम हा भाग काय करतो ते समजून घेऊ. इंजिन आणि सायलेन्सर ह्यांच्या मधल्या नळीत एक डबा असतो. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनीमातीची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व रोडियम ह्या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. इंजिनातून येणारा विषारी कार्बन मोनॉक्साईड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साईड ह्या लेपावरून जाताना त्यांचे रूपांतर कार्बन डायऑक्साईड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन ह्यांत होते. डबा नीट तापला आणि इंजिन व्यवस्थित असले, तर ह्या विषारी वायूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग तेथेच नाहीसा होतो. डबा काढला की तो सगळा वायू आपल्याच अंगणात, आपल्याच ओसरीवर येतो. त्याला रंग नाही, म्हणून तो दिसत नाही, एवढेच.

सल्ला जुना झाला, सवय उरली

हा डबा काढण्याची पद्धत आली कोठून? आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याच वेळी तेथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. १९९८ च्या सप्टेंबरात ही सक्ती ४५ शहरांपर्यंत वाढवण्यात आली. शिसेविरहित पेट्रोल मात्र साऱ्या देशात सक्तीने आले ते १ फेब्रुवारी २००० पासून. शिसे हे कन्व्हर्टरचे शत्रू आहे. शिसेयुक्त पेट्रोलच्या काही टाक्या जळल्या की आतला लेप निकामी होतो. तेव्हा मुंबईहून आणलेल्या सेकंडहँड गाडीचा डबा काढून सरळ नळी जोडा, असा सल्ला त्या काळी दिला जात असे, हे आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. त्या दिवसांत त्यात काही तथ्य होते. पण शिसे गेल्याला आता पंचवीस वर्षे उलटली. कारण संपले, सल्ला मात्र जिभेवर तसाच राहिला. वर 'पिकअप वाढतो', 'अ‍ॅव्हरेज वाढते' अशी फोडणी त्याला मिळाली. डबा आतून तुंबलेला असेल तर तो काढल्यावर गाडी हलकी धावल्यासारखी वाटेल, हे खरे. पण तुंबण्याचे मूळ बहुधा इंजिनात असते. प्लग चुकत असतो, इंजिन ऑईल खात असते किंवा जास्त पेट्रोल पीत असते. ते दुरुस्त न करता डबा कापणे म्हणजे घरात धूर झाला म्हणून चूल न बघता छप्परच काढण्यासारखे आहे.

कायदा नेमके काय सांगतो

आता कायद्याकडे वळू. आपल्या लोकांत दोन टोकांचे समज आहेत. एक म्हणतो, जुन्या गाडीला काहीच नियम नाही. दुसरा म्हणतो, कन्व्हर्टर नसलेली प्रत्येक गाडी बेकायदा. दोन्ही समज चुकीचे आहेत. जी गाडी कारखान्यातूनच कन्व्हर्टरशिवाय बाहेर पडली, तिला तो आता बसवून घेण्याची सक्ती नाही. नव्वद सालची एखादी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर तुम्ही जपून ठेवली असेल तर ह्या बाबतीत निर्धास्त राहा. तिने तिच्या काळच्या मर्यादेत धूर सोडावा, एवढीच अपेक्षा आहे. परंतु जी गाडी कारखान्याने कन्व्हर्टरसह मंजूर करून घेतली, तिचा तो काढणे हा मालकाच्या मर्जीचा भाग नाही. २००० सालच्या एप्रिलपासून देशभर लागू झालेल्या 'इंडिया २०००' मानकांनंतर विकल्या गेलेल्या पेट्रोल मोटारी ह्या दुसऱ्या वर्गात येतात, असे धरून चालावे.

'कन्व्हर्टर काढू नये' हे एका वाक्यात सापडत नाही, त्यासाठी कायद्यात तीन ठिकाणी हात घालावा लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्राचा मेळ बसणार नाही असा बदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा मुद्दा ठासून सांगितला. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेले कलम १८२-अ सांगते की, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि कलम १९०(२) नुसार हवेच्या प्रदूषणाची मानके मोडून गाडी चालवणाऱ्यास किंवा चालवू देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. पूर्वी हाच दंड पहिल्या वेळी एक हजार रुपये होता.

वाचकांनी ही कलमे पुन्हा एकदा नीट वाचावीत अशी आमची विनंती आहे. ह्यांत मालक आहे, चालक आहे. उत्पादक आणि विक्रेता ह्यांच्यासाठी वेगळी पोटकलमे आहेत. पण ज्याने गॅस कटर हातात धरून डबा कापला तो गॅरेजवाला, आणि ज्याने तो वजनावर घेतला तो भंगारवाला, ह्यांचे नाव ह्या कलमांत थेट येत नाही. म्हणजे वस्तू जाते मालकाची, गुन्हा लागतो मालकाला आणि पैसा होतो तिसऱ्याचा. हा कसला न्याय?

पी.यू.सी. पास, म्हणजे सगळे ठीक?

'आमची गाडी पी.यू.सी. पास होते, मग अडचण काय?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. ह्याचे उत्तर आकड्यांत आहे आणि आम्ही कॉमर्सवाले असल्याने आकडे आम्हांस प्रिय आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ११५ खाली, गाडी जागेवर चालू ठेवून नळीतला वायू मोजतात. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ३ टक्के आहे. भारत स्टेज-२ व ३ च्या गाडीला ती ०.५ टक्के, तर भारत स्टेज-४ पासून पुढे ०.३ टक्के. भारत स्टेज-२ ही मानके आपल्या गोव्यात, म्हणजे महानगरांबाहेरच्या देशात, आली १ एप्रिल २००५ रोजी.

ह्याचा अर्थ लक्षात घ्या. २००० ते २००५ ह्या पाच वर्षांत गोव्यात घेतलेल्या गाड्यांना कारखान्याने कन्व्हर्टर दिला, पण पी.यू.सी.ची फूटपट्टी मात्र कन्व्हर्टर नसलेल्या गाडीचीच लावली. अशा गाडीचा डबा काढून कार्ब्युरेटर किंवा इंजेक्शन जरा नीट केले की ती ३ टक्क्यांच्या आत आरामात बसते. सर्टिफिकेट मिळते, गुन्हा मात्र तसाच राहतो. शिवाय ह्या तपासणीत नायट्रोजनचे ऑक्साईड मोजलेच जात नाहीत आणि गाडीखाली वाकून बघण्याची पद्धतही नाही. नव्या गाड्यांत निदान डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागून मालकाला सांगतो की काही तरी गेले आहे. जुन्या गाडीत तोही नाही. तेव्हा पी.यू.सी.चा कागद म्हणजे गाडी निर्दोष असल्याचा दाखला नव्हे. त्या दिवशी, त्या मिनिटाला, ते एक-दोन वायू मर्यादेत होते, एवढाच त्याचा अर्थ.

वाहनकर्जाच्या फायली हाताळताना आम्हांस आणखी एक गोष्ट दिसते. सेकंडहँड गाडीच्या मूल्यांकनात टायर, बॅटरी, रंग, काचा, सारे काही लिहिलेले असते. कन्व्हर्टर आहे की नाही ह्याचा रकाना नसतो. गाडी बँकेकडे तारण, नोंदणीपत्रावर बँकेचे नाव, कर्जाच्या करारात वाहन मूळ स्थितीत ठेवण्याची अट, आणि त्यातला मौल्यवान धातू कधीच दुसऱ्याच्या दुकानात गेलेला! पुढे अशी गाडी विकत घेणाऱ्या गरीब गिऱ्हाईकाच्या माथी तो दोष विनासायास येतो. कलम मालकाला पकडते, आणि मालक आता तो झालेला असतो.

सायलेन्सरातला ऐवज

हा डबा कुणाला का हवा असतो? त्यातल्या धातूंच्या भावामुळे. २०२१ च्या मार्चमध्ये रोडियमचा जागतिक भाव सोन्याच्या पंधरा पटींहून वर गेला होता. २०२२ च्या मार्चमध्ये पॅलेडियमने औंसाला तीन हजार डॉलर ओलांडले. पुढे भाव उतरले, पण धंद्याची वाट पडली ती पडलीच. त्याच सुमारास पुणे परिसरात आणि गुजरातेत मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे सत्रच सुरू झाले. चोर सायलेन्सर काढत, आतली 'माती' विकत आणि मोकळे होत. गाडी तेथेच उभी, कुलूप शाबूत, चालू केल्यावर ट्रकसारखा आवाज आला तेव्हाच मालकाला कळे. एका गाडीत हे धातू काही ग्रॅमच असतात, पण शंभर गाड्यांचे काही ग्रॅम एकत्र आले की हिशेब बदलतो.

चोराने रात्री नेलेला डबा आणि गॅरेजमध्ये दिवसाढवळ्या काढलेला डबा शेवटी एकाच तराजूत पडतो. समजा, गॅरेजवाल्याने तुम्हांला मजुरीत दोन हजार रुपयांची सूट दिली आणि जुना डबा ठेवून घेतला. तुम्हांला वाटते, बरा माणूस. पण तुम्ही दोन हजारांना सहा महिन्यांच्या कैदेची जोखीम विकत घेतलीत, आणि नवा कन्व्हर्टर घ्यायची वेळ आली तर तो त्या सुटीच्या कित्येक पट महाग पडणार आहे. जमाखर्च मांडता येणाऱ्या कुणालाही हा व्यवहार परवडणारा वाटणार नाही.

'आमच्याच गाडीच्या मागे का?'

ह्यावर आपले लोक एक रास्त प्रश्न विचारतील. डिचोलीत खनिजाच्या ट्रकांनी कित्येक वर्षे धूळ आणि धूर उडवला. २०१२ आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी खाणी थांबल्या आणि लिलावानंतर त्या पुन्हा सुरू झाल्या. पेडण्यात मोपा विमानतळाचे ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. तेव्हापासून रस्त्यांवर गाड्यांची रांग आहे. हरमल, मांद्रे, मोरजीकडे जाणाऱ्या परराज्यांतल्या गाड्या पत्रादेवीहून रात्रंदिवस येतात. मग वर्षाला चार हजार किलोमीटर धावणाऱ्या आमच्या ८०० ने असे काय पाप केले?

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. डिझेल ट्रकांच्या धुराची तपासणी वेगळी असते आणि ती कडक व्हावी ही मागणी आपण सोडता कामा नये. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आपली जुनी गाडी लांब धावत नाही, ती सकाळी घरासमोर थंड इंजिनाने सुरू होते, बाजारापर्यंत जाते, शाळेच्या दारात उभी राहते. तिचा वायू ट्रकाच्या धुरासारखा हमरस्त्यावर विरत नाही, तो म्हातारी माणसे बसलेल्या सोप्यावर आणि मुलांच्या तोंडावर येतो. आणि दुसरे म्हणजे, स्वतःच्या गाडीखाली पोकळ नळी ठेवून ग्रामसभेत ट्रकवाल्यांविरुद्ध उभे राहिलो, तर आपल्या बोलण्याला वजन राहणार नाही.

त्याहून मोठा धोका पुढे आहे. राष्ट्रीय राजधानी प्रदेशात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. २०२५ साली दिल्लीत हा विषय पेट्रोल पंपांपर्यंत आणि पुन्हा न्यायालयापर्यंत गेला. तेथे गाडीची स्थिती न बघता तिचे वय बघितले गेले. गोव्यात आज वयावर बंदी नाही. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीसाठी त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणखी जुन्या गाड्यांना त्याहून अधिक, तरीही मार्ग मोकळा आहे. आपली मागणी नेहमी हीच असली पाहिजे की, गाडीचे वय बघू नका, तिची स्थिती बघा. पण ही मागणी करायची तर आपल्या गाड्यांची स्थिती दाखवण्याजोगी हवी. जुन्या गाड्या म्हणजे डबे काढलेल्या, विषारी गाड्या, असे एकदा सरकारच्या डोक्यात बसले की ज्याने आपली गाडी मुलासारखी जपली त्यालाही तीच कुऱ्हाड लागेल.

विलायतेत गेलेल्या आपल्या गोवेकर मुलांना विचारा. तेथे मूळची कन्व्हर्टर असलेली गाडी वार्षिक तपासणीला त्याविना नेली तर ती नापास होते. गाडी जुनी म्हणून मोडीत निघत नाही, भाग नाही म्हणून थांबते, आणि भाग बसवला की पुन्हा चालते. आम्हांस हीच पद्धत न्याय्य वाटते.

आमच्या मागण्या

पेडणे, मांद्रे, डिचोली, मये आणि साखळी ह्या पाच मतदारसंघांच्या आमदारांपुढे आणि वाहतूक खात्यापुढे समाजाने पुढील गोष्टी मांडाव्यात, असे आम्ही सुचवितो.

पहिली, कोणत्या सालच्या कोणत्या गाडीला कन्व्हर्टर असलाच पाहिजे आणि कोणत्या गाडीला त्याची सक्ती नाही, ह्याचे एक पानभर पत्रक खात्याने मराठी आणि कोकणीत काढून प्रत्येक पी.यू.सी. केंद्रावर लावावे. दुसरी, नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी गाडीखाली बघून तपासणी व्हावी, आणि डबा नसल्यास थेट खटला न भरता तो बसवून आणण्यास मुदत द्यावी. सेकंडहँड घेणाऱ्यावर पहिल्या मालकाचे पाप लादू नये. तिसरी, सायलेन्सर किंवा कन्व्हर्टर काढल्यास गॅरेजने बिलावर तसे लिहावे आणि जुना भाग मालकाच्या हाती द्यावा. भंगारअड्ड्यांनी घेतलेल्या कन्व्हर्टरची नोंद गाडीच्या क्रमांकासह ठेवावी. चोरीचा माल घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहेच, नोंदवही असेल तरच तो सिद्ध होईल. चौथी, कन्व्हर्टर चोरीला गेल्याची पोलीस तक्रार ज्याच्याकडे आहे, त्याला नवा बसवेपर्यंत दंडातून वाजवी सवलत मिळावी. आणि पाचवी, जुन्या मॉडेलांसाठी प्रमाणित कन्व्हर्टर परवडणाऱ्या दरात मिळावा म्हणून राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा. नियम पाळायचा म्हटले तर तो भागच बाजारात नाही, अशी परिस्थिती असेल तर मालकाला दोष देण्यात अर्थ नाही.

हे झाले सरकारचे. आता आपले. पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला न्याल तेव्हा ती रॅम्पवर चढवायला सांगा आणि खाली वाकून स्वतः बघा. नळीच्या मधोमध डबा आहे की सरळ नळी जोडलेली आहे, हे ओळखायला इंजिनियर व्हावे लागत नाही. सेकंडहँड गाडी घेताना आर.सी.वरचा मानकांचा रकाना वाचा आणि डबा बघूनच पैसे द्या. मेकॅनिक 'काढून टाकूया' म्हणाला तर आधी प्लग, ऑईल आणि ट्यूनिंग तपासायला सांगा, आणि तरीही बदलावाच लागला तर जुना भाग घरी घेऊन या. आणि अंगणातल्या गाडीवर रात्री लक्ष ठेवा, कारण तिच्या पोटाखाली काय आहे हे आता आपल्यापेक्षा चोरांना अधिक ठाऊक आहे.

येत्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी मांडला पाहिजे. पेडण्यात आणि डिचोलीत मिळून दहा पंचायतींनी जरी ठराव घेतला, तरी वाहतूक खात्याला उत्तर द्यावे लागेल. आपल्या पंचायतीत तो ठराव कोण मांडणार, हे आपापल्या वाड्यावर बसून आताच ठरवावे, अशी आमची सर्व समाजबांधवांना आणि भगिनींना विनंती आहे.